आधी दुसऱ्याची, मग आपली

विमलताई गेल्याची बातमी मला मिळाली ती दोन सुवर्णसंधींच्या मधे. आमच्या भागातल्या कवींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वांगणीपासून उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत जो कुणी यमक जुळवतो तो त्यात असतो. सकाळी शिकवणीची मुलं यायच्या आधी चहा घेत मी फोन उघडला. वर ‘नवोदित कवींसाठी सुवर्णसंधी, सहभाग शुल्क भरा आणि संग्रहात आपली हक्काची पानं मिळवा’, खाली ‘राज्यस्तरीय चारोळी स्पर्धा, सर्व सहभागींना आकर्षक ई-प्रमाणपत्र’, आणि या दोघांच्या मधे विमलताईंच्याच नंबरवरून आलेली एक ओळ... ‘आई आज पहाटे गेली. प्रशांत.’ मला आधी वाटलं, ही कुणाच्या तरी कवितेची सुरुवात आहे. मग खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि दुपारपर्यंत एका उत्साही अ‍ॅडमिनने ‘विमलताईंना काव्यांजली’ अशी स्पर्धाच जाहीर करून टाकली, ओळींची मर्यादा आणि अंतिम मुदत यांच्यासकट. मी त्या ग्रुपमधून बाहेर पडले. रडू नंतर आलं, आधी आला तो संताप. आज काही आठवड्यांनी लिहायला बसलेय तरी क्रम तोच आहे, आणि ताईंना तो पटला असता.

विमल कांबळे हे नाव वाचकांनी ऐकलं असण्याचं कारण नाही. त्यांचा एकही संग्रह नाही. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला त्यांचं घर. एका औषधांच्या कंपनीत त्या पॅकिंगला होत्या. नवरा लवकर गेला, एकुलत्या प्रशांतला त्यांनी एकटीने वाढवलं, आणि नोकरी संपल्यावर ज्या वयात बाकीच्या बायका गुडघ्यांबद्दल बोलतात त्या वयात त्यांनी उल्हासनगरात कवींचा कट्टा सुरू केला. जागा मोहनदादांनी दिली. मोहनदादा म्हणजे पडद्यांच्या कापडाचे व्यापारी, सिंधी माणूस, स्वतः सिंधीत कविता करणारे. दुकानाच्या वर त्यांची माल ठेवायची खोली आहे. महिन्यातून एकदा, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही तिथे जमतो आणि कापडाच्या ताग्यांवर बसतो. माईक नाही. त्यात चारी बाजूंना भिंतीला लागून कापड, त्यामुळे ती खोली आवाज खाऊन टाकते. तिथे पुटपुटून चालत नाही. आमच्या कट्ट्यावरचा माणूस कुठेही ओळखू येतो, तो कविता वाचत नाही, हाक मारतो.

मी पहिल्यांदा गेले ती पिशवीत झेरॉक्स घेऊन. बदलापूरला खरवईच्या बाजूला नवीन राहायला आले होते, कुणी ओळखत नव्हतं आणि आपण काय चीज आहोत हे दाखवायची घाई होती. माझी पाळी आली. मी कागद काढला. जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक सावळ्या, किरकोळ बाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आधी दुसऱ्याची म्हण.”

“दुसऱ्याची म्हणजे?”

“इथल्या कुणाचीही. पाठ. मग आपली. नवीन आहेस, या वेळी नुसती ऐक. आवडेल ती घेऊन जा आणि पुढच्या महिन्यात तिच्यासकट ये.”

मला असा राग आला म्हणून सांगू! एवढ्या लांबून आले, रिक्षावाल्याशी भांडून पत्ता शोधला, आणि माझी कविता ऐकायचीच नाही? मी उठून निघाले. पण ताईंचे गुडघे जिन्याच्या वाटेत होते आणि ते काही हलेनात. “कट्टा संपला की सगळे बरोबरच उतरू,” त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. मी बसले. नाइलाजाने ऐकलं. आणि त्या दिवशी ज्या ओळी डोक्यात शिरल्या त्या त्यांच्याच होत्या... ‘रोज हजार बाटल्यांना मी बूच लावलं, एकाही बाटलीवर माझ्या दुखण्याचं नाव नव्हतं.’ पुढचा महिनाभर मी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्या कवितेशी झटापट करत होते. दुसऱ्याची कविता तोंडात आली की कळतं, आपण आपल्या कवितेत किती शब्द उगाच घातलेत ते.

हा नियम ताईंनी कुठल्या पुस्तकातून काढला नव्हता. त्यांचे वडील वस्तीतल्या गायनपार्टीत गायचे. जयंतीच्या दिवसांत गल्लोगल्ली कार्यक्रम असायचे. तिथे नव्या गायकाने उठून स्वतःचं गाणं म्हटलेलं चालत नसे. आधी पार्टीतल्या दुसऱ्या कुणाचं गाणं पूर्ण म्हणून दाखवायचं आणि मग आपलं. ताई लहानपणी स्टेजच्या कडेला बसून ते बघत आलेल्या. “अण्णांची कितीतरी गाणी कागदावर नव्हतीच,” त्या एकदा वडिलांबद्दल म्हणाल्या होत्या. “पण अजून लोक म्हणतात. नाव माहीत नाही कुणाला, गाणं माहीत आहे. मला तसंच पाहिजे. संग्रह कपाटात राहतो गं, तोंडात राहिलेलं मरत नाही.”

नियम सोपा, पण निभवायला महाकठीण. कट्टा संपताना प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं की पुढच्या महिन्यासाठी मी अमक्याची कविता घेतली. एकाने घेतली की ती दुसऱ्याने घ्यायची नाही. अडखळलं तर ज्याची कविता आहे त्याने आठवण करून द्यायची नाही, इतरांनी द्यायची. वांगणीचा बाळाराम, शेती सांभाळून कविता करणारा आमचा मित्र, पहिले काही महिने रडकुंडीला आला होता. “ताई, मना लिवाला येतं, पाठ व्हत नाय,” म्हणायचा. ताई म्हणायच्या, “नांगराच्या मागे म्हण. कुणी ऐकत नाही तिथे.” त्याच बाळारामने पुढे मोहनदादांची सिंधी कविता घेतली. एक अक्षर समजत नव्हतं. दादांच्या दुकानात जाऊन बसायचा, गिऱ्हाईक नसलं की त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचा. ज्या दिवशी त्याने ती आगरी हेल काढत खड्या आवाजात म्हटली, त्या दिवशी दादा आधी पोट धरून हसले आणि मग चष्मा पुसायला लागले. “साईं, माझ्या घरात आता ही भाषा कोणाला येत नाही,” ते म्हणाले, “आणि हा वांगणीचा आदमी बोलतोय.”

आणि ते स्टूल. जिन्याच्या तोंडाशी ताई का बसायच्या हे कवीजमातीला सांगायला नको. आपली कविता वाचून झाली की एखाद्याला एकदम घरचं काम आठवतं, दुसऱ्याला फोन येतो, तिसरा लघुशंकेला जातो तो थेट घरीच पोहोचतो. शेवटच्या कवीला ऐकायला शेवटी संयोजक आणि सतरंज्या उचलणारे एवढेच उरतात. आमच्याकडे हे होत नसे, कारण उतरायचं तर ताईंच्या गुडघ्यांवरून उतरायला लागायचं. त्या कुणाला अडवत नसत. फक्त वर बघायच्या. भलेभले परत येऊन ताग्यावर बसलेले मी पाहिले आहेत.

एकदा मात्र त्यांना एका मोठ्या संमेलनाला बोलावणं आलं. बदलापूरचं मोठं सभागृह, आणि सत्कार. नको नको म्हणत होत्या, मीच आग्रह करून नेलं. दुपारपासून कवी ताटकळत बसलेले. सगळ्यांकडून सहभाग शुल्क घेतलेलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि पुष्कळ बोलले. मग वेळ उरला नाही म्हणून कवींना ‘दोनच ओळी वाचा’ असं सांगायला लागले. आमच्या कट्ट्यावर येणारी एक मुलगी, हॉस्पिटलात नर्सचं काम करणारी, ड्युटी बदलून आली होती. तिची दुसरी ओळ संपायच्या आत घंटा वाजली. ती खाली मान घालून उतरली. पाठोपाठ ताईंना सत्कारासाठी वर बोलावलं. शाल पुढे आली. ताईंनी ती घेतली नाही, माईक घेतला, आणि त्या मुलीची कविता पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली. सगळी पाठ होती, मागच्याच महिन्यात घेतलेली होती ना! संयोजकांनी घंटा वाजवली. ताई म्हणत राहिल्या. मग कुणीतरी माईक बंद केला. आता पडद्यांच्या गोदामात वर्षानुवर्षं घसा मोकळा केलेल्या बाईला माईकचं काय कौतुक? शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द गेला. कविता संपली तशा त्या पायऱ्या उतरल्या आणि मला म्हणाल्या, “चल सुनंदा, वडापाव खाऊ.” बाहेर आम्ही तिघी हातगाडीपाशी उभ्या राहिलो. ती मुलगी एकाच वेळी रडत होती आणि खात होती. ताईंनी तिच्यासाठी जास्तीची चटणी मागून घेतली.

त्यांच्याशी माझी शेवटची भेट कट्ट्यावरचीच. मी त्या दिवशी नवी कविता म्हटली होती. आमच्या इमारतीच्या जागी पूर्वी विहीर होती असं खरवईतल्या म्हाताऱ्या बायका सांगतात, त्यावरची. कट्टा संपताना सगळे आपापली निवड सांगू लागले तेव्हा ताई स्टुलावरून म्हणाल्या, “सुनंदाची विहीर मी घेतली.” मी इतकी वर्षं तिथे जातेय, पण त्यांनी माझी कविता अगदी क्वचित घेतली होती. चांगली असल्याशिवाय त्या घेत नसत आणि चांगली नाही हे सांगायचीही त्यांना लाज नव्हती. मी परीक्षा पास झालेल्या मुलीसारखी घरी आले. पुढचा कट्टा यायच्या आतच ती पहाटेची ओळ आली. अचानक छातीत कळ, आणि संपलं... घेतलेली कविता घेऊन ताई गेल्या. माझी ती कविता आता मलाही म्हणावीशी वाटेना. नियमाप्रमाणे ती त्यांच्याकडे होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंबरनाथच्या घरी श्रद्धांजली वाहायला त्या संमेलनाचे तेच संयोजक आले, पांढरे कपडे घालून. ताईंबद्दल चांगलं बोलले. मग प्रशांतला बाजूला घेऊन ‘विमलताई कांबळे स्मृती काव्यमहोत्सव’ करायचं ठरवून मोकळे झाले. प्रवेशासाठी शुल्क, प्रत्येकाला सन्मानचिन्ह, मुखपृष्ठावर ताईंचा फोटो असलेला संग्रह. दिवसही आमच्या कट्ट्याचाच निवडला, ‘म्हणजे सगळ्यांना सोयीचं.’ मला म्हणाले, “मॅडम, सूत्रसंचालन तुम्हीच करायचं, तुमच्या पुरस्काराचं आम्ही बघतो.” ज्या बाईचा माईक यांनी बंद केला तिच्या नावाने आता हे लोकांना दोन ओळी वाचायला बोलावणार होते! मी त्यांना काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पण होकार त्यांना माझा नको होता, प्रशांतचा हवा होता, आणि तो मिळालेला होता. चार दिवसांनी मी त्याला जाऊन भेटले. तो एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात असतो, कविता या प्रकारापासून त्याने कायम चार हात अंतर ठेवलं होतं. मी बोलायला लागले तसा भडकला.

“मावशी, माझ्या आईला आयुष्यात कोणी एक शाल घातली नाही. तुम्ही लोकांनी पण नाही. ती तिकडे जिन्यावर स्टूल टाकून वॉचमनसारखी बसायची. आता कोणीतरी तिचा फोटो मोठा करून लावतोय, तर तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?”

“शाल आली होती, प्रशांत. तिने घेतली नाही.”

“मला नाही सांगितलं कधी.”

“तू कधी विचारलंस? एकदा तरी आलास तिकडे?”

“मला कविता कळत नाय, मावशी. मला एवढंच कळतं की सगळे विसरून जाणार तिला.”

“मग ऐक. उद्या एखादी पोरगी पैसे भरून येईल, घंटा वाजवून तिला खाली उतरवतील, आणि वर फोटो तुझ्या आईचा असेल. तू तिचं नाव भाड्याने देतोयस.”

मी चप्पल घालून निघाले. त्याने दार लावलं ते जरा जोरातच. बोलले ते बोलले, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण खरं सांगते, रिक्षात बसल्यावर कळलं, त्याचं एक वाक्य मला पुरतं लागलं होतं. सगळे विसरून जातील... कट्टा ताईंच्या गुडघ्यांवर चालत होता. ते गुडघे नसताना तो टिकणार होता का, हे मलाही ठाऊक नव्हतं.

कट्ट्याच्या दिवशी माणसं कमी आली. काही जण महोत्सवाला गेले होते, सन्मानचिन्हाचा मोह कुणाला सुटलाय. मोहनदादांनी स्टूल पुसून नेहमीच्या जागी ठेवलं होतं. त्यावर कुणी बसेना आणि ते उचलायचंही कुणी नाव काढेना. मी ठरवून टाकलं होतं की श्रद्धांजलीची भाषणं होणार नाहीत. नेहमीसारखं सुरू करायचं. बाळाराम उठला, आधी त्या नर्स मुलीची कविता म्हणाला, मग स्वतःची. तो खाली बसतोय तोच जिन्यावर पावलं वाजली आणि प्रशांत वर आला. हातात कापडी पिशवी, त्यात फ्रेम. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जवळच रिकामं दिसलं ते स्टूल, आणि तो सरळ त्यावर बसला. हेच ते स्टूल, हे त्या घाईत त्याच्या बिचाऱ्याच्या ध्यानातही आलं नसावं.

“मावशी, तिकडे गेलो होतो,” तो म्हणाला. “गेटवर टेबल टाकून पावत्या फाडत होते. आईच्या फोटोच्या बरोबर खाली. मी फोटो काढून आणला. बोललो, नाव पण काढा.” मग पिशवीतून फ्रेम काढत, “मोठा तमाशा झाला.”

दादांनी त्याच्या हातातून फ्रेम घेतली. भिंतीवर लावली नाही, हारही घातला नाही. ऐकणाऱ्यांच्या रांगेत एका निळ्या ताग्याला टेकवून ठेवली, म्हणणाऱ्याकडे तोंड करून. पुढे दोघातिघांच्या कविता झाल्या. मग बाळाराम त्याला म्हणाला, “तुना काय येतंय का रं?” प्रशांत आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, “एक येते. कुणाची आहे माहीत नाही. शेवटचे पंधरा-वीस दिवस आई रोज किचनमध्ये तेच बोलत होती. मी ऑफिसला निघायची तयारी करायचो, ती भाकऱ्या करायची. ऐकून ऐकून बसली डोक्यात.” आणि तो उभा राहून म्हणू लागला...

‘विहीर बुजवली तेव्हा
कुणी विचारलं नाही पाण्याला
तू आता कुठे राहणार.’

माझी कविता. पण ती मी लिहिली तशी नव्हती. मी ती एका दमात लिहिली होती आणि एका दमातच म्हटली होती. हा प्रत्येक ओळीनंतर थांबत होता. थोडं थांबायचा, जणू कुणी काही उत्तर देतंय का बघतोय, आणि मग पुढची ओळ घ्यायचा.

‘चौथ्या मजल्यावर नळ सोडला
की ते अजून विचारतं
माझं घर कुठल्या मजल्यावर.’

शेवटच्या ओळीआधी तो सगळ्यात जास्त थांबला. कविता संपल्यावर त्याने माझ्याकडे बघून काळजीने विचारलं, “मधे थांबायचंच असतं ना, मावशी? आई थांबायची.”

मला ते थांबणं कळलं. ताई भाकरी उलटत होत्या. एक ओळ, मग तव्यावरची भाकरी फिरवायची, मग दुसरी ओळ. शेवटच्या ओळीआधी बहुतेक त्या भाकरी थेट गॅसच्या आचेवर फुगायला टाकायच्या, तिला तेवढा वेळ लागतोच. पोराने कविता आणि भाकरी दोन्ही एकत्र पाठ केली होती. मी म्हटलं, “हो, थांबायचंच असतं.”

“अब अपनी वाली सुना,” मोहनदादा म्हणाले.

“माझी कुठे आहे, अंकल?”

“तो अगले महिने. नियम आहे.”

आता ती कविता मी त्याच थांब्यांसकट म्हणते. छापायला दिली तेव्हा मधे रिकाम्या ओळी सोडायला सांगितल्या, संपादकांना त्या जास्तीच्या वाटल्या, मी काढू दिल्या नाहीत. महोत्सव म्हणे झाला. ऐन वेळी दुसऱ्या कुणा दिवंगत कवीचं नाव लावलं, आपल्याकडे त्यांचा तोटा नाही. प्रशांतने पुढच्या महिन्यासाठी बाळारामची कविता घेतली आहे आणि वांगणीला फोन करून करून त्याला हैराण केलं आहे. स्टूल आहे तिथेच आहे. दुकानातली पोरं माल वर नेताना त्याला अडखळतात, दादांचा मुलगा म्हणतो बाजूला करू, गैरसोय होते. होऊ दे. गैरसोय व्हावी म्हणूनच ते तिथे आहे.

तेव्हा अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर परिसरातल्या तमाम कवींसाठी माझ्याकडेही एक सुवर्णसंधी आहे. शुल्क मागणार नाही, प्रमाणपत्र मिळणार नाही. येताना दुसऱ्या कुणाची तरी कविता तोंडपाठ करून या, मग तुमची आम्ही शेवटपर्यंत ऐकू. आणि आपली झाली की निघून जायचा विचार असेल तर आधीच सांगून ठेवते... जिन्याच्या तोंडाशी विमलताईंचं स्टूल आहे.